काकांचा के-१००० आणि मळकट आलेली जाई

पत्र : मी २३ वर्षांची, फोंड्याजवळ राहते, नोकरीसाठी रोज कदंबच्या बसने पणजीला जाते. आमचे मोठे काका हौशी फोटोग्राफर होते. ते गेल्यावर काकींनी त्यांचा पेंटॅक्स के-१००० कॅमेरा ५० एमएम लेन्ससकट मला दिला. आत एक रोल आहे, आकडा २२ वर थांबलाय. शिवाय चुलतभावाचा जुना निकॉन डीएसएलआर (डिजिटल कॅमेरा) आणि त्याची १८-५५ लेन्सही सध्या माझ्याकडेच आहे. यंदा म्हार्दोळला जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेला परवानगी काढून निकॉनवर, ऑटोमध्ये, खूप फोटो काढले. माणसं हललेली आली आणि जवळून काढलेली जाईची सजावट मळकट, पिवळट आली. ओळखीचे एक जण म्हणतात, 'आधी फिल्मवर शीक, शिस्त लागते.' दुसरे म्हणतात, 'फिल्म मेली, तो कॅमेरा विकून टाक.' शनिवार-रविवारच्या एका वर्कशॉपची फी माझ्या अर्ध्या पगाराएवढी आहे. सुरुवात कुठून करू? मला 'तू'च म्हणा.
— 'रोल अर्धवट', फोंडा

प्रिय 'रोल अर्धवट',

आधी तो रोल. कुतूहलापोटी कॅमेऱ्याची मागची झडप उघडू नकोस. उघडलीस तर वरवर गुंडाळलेल्या फ्रेम्स तिथल्या तिथे उजेड खाऊन जातील. रोल ३६ फ्रेम्सचा धरला तर उरलेल्या १४ काढून तो 'पूर्ण' करायचा मोहही टाळ. एवढी वर्षं गोव्याच्या उकाड्यात पडून राहिलेल्या रोलवर नवे फोटो धूसर आणि रवाळ येणार. त्यातल्या जुन्या २२ फ्रेम्सचं मोल मात्र नव्या १४ फ्रेम्सपेक्षा कितीतरी जास्त आहे. कॅमेऱ्याच्या तळाशी एक छोटं बटण आहे, ते दाब. मग वर डाव्या हाताची घडीची दांडी उघडून बाणाच्या दिशेने सावकाश फिरव. हाताला ताण जाणवेल. तो एकदम सैल पडला की रोल डबीत गेला. मगच झडप उघड आणि डबीवरचं नाव वाच. रंगीत आहे की कृष्णधवल, हे लॅबला आधी सांगावं लागतं. सोबत 'जुना, वापरलेला रोल' असं लिहून पाठव. काही निघालंच तर पहिली कॉपी काकींना दे.

आता तुझा मूळ प्रश्न. 'फिल्म शिस्त लावते' हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते म्हणणाऱ्याने शेवटचा रोल कधी धुतला, असं विचारावंसं वाटतं. फिल्म महाग आहे, एवढंच ती सांगते. रोल, धुणं आणि स्कॅन धरून आज खर्च सहज हजाराच्या पुढे जातो. महाग वस्तू जपून वापरायची सवय लागते हे खरं, पण जपून वापरणं आणि शिकणं या गोष्टी वेगळ्या आहेत. शिकायला आपली चूक कशामुळे झाली, ते कारण हाताशी लागतं. निकॉनवर तू फोटो काढतेस तेव्हा ॲपर्चर (लेन्समधलं भोक किती उघडं), शटर (पडदा किती वेळ उघडा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), वेळ हे सगळं फोटोसोबत आपोआप साठतं. के-१००० यातलं काहीही लिहून ठेवत नाही. तीन आठवड्यांनी स्कॅन हातात आल्यावर तेरावी फ्रेम काळी का, हे ना तुला आठवणार ना कॅमेऱ्याला. म्हणून माझं मत असं : डिजिटलवर शीक आणि फिल्मवर तपासून बघ. दोन्ही कॅमेरे ठेव. के-१००० विकायचा तर अजिबात नाही. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं तो मुळात काहीही न बदलता बनत राहिला. ज्या कॅमेऱ्यावर जगभरच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या, तो तुला फुकटात मिळालाय.

निकॉनवरची हिरवी ऑटो खूण आजपासून बंद. आधी 'ए' मोड वापर (ॲपर्चर तू ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), नंतर 'एम' (दोन्ही तूच ठरवायचं). फोटोला किती उजेड मिळतो हे ॲपर्चर आणि शटर ठरवतात. तो उजेड किती वाढवून वाचायचा हे आयएसओ ठरवतो. तिन्ही गोष्टी दुपटी-निमपटीच्या पायऱ्यांनी चालतात आणि त्या पायरीला सगळे 'स्टॉप' म्हणतात. शटर १/६० वरून १/१२५ वर नेलंस की उजेड निम्मा. आयएसओ ४०० वरून ८०० केलास की परिणाम दुप्पट. ॲपर्चरचे आकडे तेवढे चमत्कारिक : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पाठ करण्याआधी ते असे का आहेत हे समजून घे, मग आयुष्यात विसरणार नाहीस. हा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला (तिच्यावर लिहिलेल्या एमएमच्या आकड्याला) भोकाच्या व्यासाने भागून आलेलं उत्तर. काकांची ५० एमएम लेन्स एफ/२ वर असते तेव्हा भोक २५ मिलिमीटरचं दिसतं. एफ/४ वर ते साडेबारा होतं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे उजेड दोन स्टॉपने घटला. मधली एका स्टॉपची पायरी म्हणूनच २.८. आकडा मोठा तर भोक लहान, हा नवशिक्यांना छळणारा उलटेपणाही यातच सुटतो. भोक लहान केलं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं आणि मोठं केलं की पार्श्वभूमी विरघळते, हे तू दुपारभरात स्वतःच बघशील.

म्हार्दोळचे फोटो आता संगणकावर उघड आणि तपशील बघ. शटरच्या जागी १/१५ किंवा १/८ दिसेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. लेन्समधलं स्थिरीकरण तुझा हात सावरतं. पालखीबरोबर चालणाऱ्या माणसाला ते थांबवू शकत नाही. चालत्या माणसासाठी किमान १/१२५ हवं, नाचणाऱ्यासाठी १/२५०. आता हिशेब कर. आयएसओ ४०० ला १/१५ येत असेल तर १/१२५ ला पोचायला तीन स्टॉप लागतात, म्हणजे आयएसओ ३२००. दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार पण स्थिर चेहरा कधीही परवडला. तुझी १८-५५ लेन्स पूर्ण झूमला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. पुढेमागे पैसे जमले तर सेकंडहँड ३५ एमएम एफ/१.८ घे. ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. घेताना लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलंय का ते बघ, नाहीतर निकॉनच्या छोट्या बॉडीवर ऑटोफोकस चालणार नाही.

मळकट जाईची भानगड मात्र शटरची नाही. या एकाच चुकीमागे अर्धी फोटोग्राफी दडलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

कॅमेऱ्याच्या मीटरला फूल कळत नाही, देऊळ कळत नाही, पांढरा म्हणजे काय तेही कळत नाही. समोरून किती उजेड परत येतो एवढंच तो मोजतो आणि समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार, असं गृहीत धरतो. तू फ्रेम जाईने भरलीस. एवढा उजेड बघून मीटर घाबरला, त्याने एक्स्पोजर (फोटोला मिळणारा एकूण उजेड) खाली ओढलं आणि फुलं करडी झाली. वर दिव्यांचा पिवळा रंग चढला. म्हैस, काळी कातळशिळा किंवा देवळाचा अंधारा गाभारा घेतलास तर उलटं होईल : काळं उजळून करडं होईल. पणजीच्या चर्चचा पांढरा दर्शनी भाग पर्यटकांच्या निम्म्या फोटोंत सिमेंटसारखा येतो, त्याचं कारणही हेच.

उपाय सोपा आहे, पण तो तुला करावा लागतो, कॅमेरा करत नाही. फ्रेम पांढऱ्याने भरली असेल तर निकॉनच्या +/- बटणाने एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक ते पावणेदोन स्टॉप वर ने. काळ्याने भरली असेल तर खाली आण. के-१००० मध्ये असं बटण नाही. तिथे व्ह्यूफाइंडरमधली सुई मध्यावर न आणता अधिकच्या बाजूला ठेवायची. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. त्याच उजेडात असलेली मध्यम रंगाची एखादी वस्तू शोध, तिच्यावर मीटर लाव, आकडे तसेच ठेवून मग विषयाकडे वळ. उन्हातलं हिरवं गवत या कामाला उत्तम. आपल्याकडे आणखी एक सोय आहे : जुन्या चिऱ्याची भिंत. पावसाने भिजून काळी पडलेली नसेल तर जांभा दगड जवळपास मध्यमच वाचला जातो. गावागावात अशा भिंती आहेत, मीटर लावायला मिळतं ते मध्यम करडं 'ग्रे कार्ड' वेगळं घ्यायची गरज नाही. रंगाचा प्रश्न त्याहून सोपा. निकॉनवर 'रॉ' (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढ, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, नंतर हवा तसा बदलता येतो. फिल्मवर ती मुभा नाही. रंगीत रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला असतो. बल्बखाली तो नारिंगी होणार आणि ट्यूबखाली हिरवट.

उजेड डोळ्याने ओळखायची सवयही आत्तापासून लाव. त्याचा जुना नियम असा : स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेव आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. समुद्रकिनाऱ्यावर वाळू आणि पाणी उजेड परतवतात, तिथे एफ/२२. ढग आले आणि सावल्या पुसट झाल्या की एफ/८. सावल्या दिसेनाशाच झाल्या की एफ/५.६. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत एफ/४. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला हा नियम लागू नाही, आणि पावसाळ्यातल्या कुळागराला तर नाहीच. माडा-पोफळींखालचा तो हिरवा काळोख एफ/२.८ ला १/६० सुद्धा मागतो, कधी त्याहूनही कमी. २०० चा रोल तिथे हात टेकतो.

याचा सराव करायला तुझ्याकडे रोजचा कदंबचा प्रवास आहे. बाणस्तारीच्या पुलावर खिडकीबाहेर बघायचं आणि मनात आकडा म्हणायचा. रायबंदरच्या झाडांखाली पुन्हा म्हणायचा. मग फोनवरच्या लाइट मीटर ॲपने पडताळायचं. कॅमेरा बाहेर काढायची गरजच नाही. एका स्टॉपच्या आत अंदाज येऊ लागला की के-१००० चा सेल संपला तरी तुझं अडणार नाही. तसंही त्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, सेल फक्त मीटरच्या सुईपुरता. सेल एलआर४४, घड्याळवाल्याकडे मिळतो. मीटर बंद करायचं बटणच या कॅमेऱ्याला नाही, म्हणून वापर नसेल तेव्हा लेन्सवर झाकण लाव, नाहीतर सेल गुपचूप उतरेल.

इथपर्यंत दोन्ही कॅमेरे सारखेच वागतात. पुढे मात्र त्यांच्या वाटा उलट जातात आणि फिल्मचं खरं शिक्षण तिथेच आहे. पणजीच्या फोंतेन्हासमधलं एखादं जुनं घर डोळ्यासमोर आण : रस्त्यावर रणरणतं ऊन, बाल्कांवच्या (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या) सावलीत बसलेली आजी. दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये नीट बसत नाहीत, कुणाला तरी सोडावं लागतं. डिजिटलमध्ये उजळ भाग एकदा पांढराफटक झाला की तिथे काहीच उरत नाही. रॉ मधूनही ते परत येत नाही. सावली मात्र थोडे दाणे पत्करून वर ओढता येते. म्हणून डिजिटलवर आधी उन्हातली भिंत सांभाळ. मागच्या पडद्यावर हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख : डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) लाव आणि तो उजव्या कडेला चिकटत नाही ना, ते बघ. निगेटिव्ह फिल्मचं नेमकं उलट. तिला जास्त उजेड पचतो. रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्त सहज सोसते. सावलीत मात्र उजेडच पोचला नाही तर निगेटिव्हवर तिथे काच असते नुसती, स्कॅनरने कितीही ओढली तरी चिखलच निघतो. म्हणून फिल्मवर आजीच्या चेहऱ्याचं मीटर घे, भिंत आपली आपण सांभाळेल. शंका आलीच तर निगेटिव्हवर अर्धा-एक स्टॉप जास्त दे, डिजिटलवर अर्धा कमी. (स्लाइड फिल्म, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र देणारी, यात डिजिटलच्या बाजूची. ती तू इतक्यात घेऊ नकोस.)

हे माझं ऐकून मानू नकोस, पहिला रोल याच कामाला लाव. निकॉनच्या झूमची रिंग ३५ वर फिरवून तिथे चिकटपट्टी लाव. निकॉनचा सेन्सर ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असल्याने दीडपटीचा फरक पडतो आणि ३५ ला तुला साधारण तेच दृश्य दिसतं, जे काकांच्या ५० मधून दिसतं. मग तीन-चार जागा निवड : भर उन्हातली एक, सावलीतली एक, अर्धं ऊन अर्धी सावली असलेली एक, जमल्यास संध्याकाळची एक. प्रत्येक जागी दोन्ही कॅमेऱ्यांवर तेच आकडे लाव आणि पाच-पाच फोटो काढ : दोन स्टॉप कमी, एक कमी, बरोबर, एक जास्त, दोन जास्त. फिल्मची प्रत्येक फ्रेम वहीत लिही. उरलेल्या फ्रेम्स मनाला येईल तशा उडव, घरची माणसं काढ. रोल लॅबला देताना 'स्कॅन करताना उजेड दुरुस्त करू नका' असं लिहून दे. नाहीतर लॅबचं यंत्र पाचही फ्रेम्स सारख्या करून पाठवेल आणि तुला वाटेल, एक्स्पोजरने काही फरकच पडत नाही. तरीही निर्णय स्कॅन बघून घेऊ नकोस. निगेटिव्ह खिडकीपाशी धर. जास्त उजेड खाल्लेली फ्रेम दाट काळी दिसते, उपाशी राहिलेली पातळ आणि पारदर्शक. निगेटिव्ह अशी वाचता येऊ लागली की लॅबने बिघडवलं की आपण, हा वाद तुला एका नजरेत मिटवता येईल.

रोल भरताना एकच काळजी. झडप लावल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची दांडी आपोआप फिरते का ते बघ. फिरत नसेल तर फिल्म दातांत अडकलेलीच नाही आणि तू ३६ फोटो हवेत काढणार आहेस. त्याआधी रिकामा कॅमेरा एकदा तपास : झडप उघडी ठेवून १ सेकंदापासून १/१००० पर्यंत प्रत्येक वेग दाबून बघ, लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे आहेत का ते बघ, आणि झडपेच्या कडेचा काळा स्पंज बोटाला डांबरासारखा लागतो का तेही. लागत असेल तर तो बदलून घे, नाहीतर उजेड झिरपेल. हे स्वस्तातलं काम आहे.

कधीतरी तुला कृष्णधवल रोल घरी धुवावासा वाटेलच. धू, पण लगेच नाही, दोन-तीन रोल लॅबमधून आल्यावर. पुस्तकातल्या सगळ्या वेळा २० अंश तापमानाच्या असतात. उदाहरणार्थ इलफर्डचा एचपी५ प्लस हा रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) साडेसात मिनिटं. आपल्या नळाचं पाणी मार्च ते मे २० अंशांच्या जवळपासही फिरकत नाही. त्या पाण्यात तीच वेळ दिलीस तर रोल करपल्यासारखा दाट येईल. बादलीत बर्फ घालून रसायनांच्या बाटल्या त्यात ठेव आणि तापमान उतरव. किंवा २४ अंशांवर धरून वेळ साधारण सव्वापाच मिनिटांवर आण. त्याहून गरम नको. पाच मिनिटांच्या आत काम उरकायला गेलं की धुणं असमान होतं. डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत पाण्याच्या तापमानात मोठी उडी नको. दुसरी अडचण खास आपली : घाम. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म रिळावर चढवताना हात ओले झाले की ती मध्येच चिकटून बसते. पंखा लाव, रीळ कोरडंठाक ठेव, आणि वाया गेलेल्या जुन्या रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव कर. वापरलेला फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) विहिरीजवळ ओतू नकोस. त्यात फिल्ममधून सुटलेली चांदी असते.

वर्कशॉपवर आत्ता पैसे घालू नकोस. शिकवणारे वाईट असतात असं नाही. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत जे सांगतात, त्यातलं बरंचसं वर आलंय, आणि तुझे स्वतःचे प्रश्न तयार व्हायच्या आधीच तुला उत्तरं मिळतील. सहा महिन्यांनी, हातात चार-दोन रोल आणि एक भरलेली वही असेल तेव्हा जा. तोवर पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात फोटोग्राफीची पुस्तकं काढून बस. फोनच्या पडद्यापेक्षा छापलेला फोटो बघायची सवय लाव. आल्तिनोच्या सुनापरान्त कलाकेंद्रात प्रदर्शन असेल तेव्हा ऑफिस सुटल्यावर डोकाव, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवातही. प्रिंटसमोर उभं राहून उजेड कुठून आला, शटर किती असेल, असा विचार करत बसलीस तर लोक विचित्र बघतील, बघू देत.

वाचलेले पैसे कॅमेरे जपण्यावर घाल. जून ते सप्टेंबर गोव्यात लेन्सला बुरशी लागायला एक मोसम पुरतो आणि चामड्याची ती देखणी पेटी ओलावा धरून ठेवते. काकांच्या कॅमेऱ्याची असेल तर आठवण म्हणून वेगळी ठेव, कॅमेरा तिच्यात नको. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडलं तर उत्तम, त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेव. नाहीतर रबराची कड असलेला, हवाबंद झाकणाचा डबा घे आणि त्यात सिलिका जेल टाक, सोबत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेव. किनाऱ्यावरून आलीस की दोन्ही कॅमेरे किंचित ओल्या फडक्याने पूस आणि मग कोरड्याने. मीठ तसंच राहू देऊ नकोस. एसी ऑफिसमधून थेट बाहेर येऊन कॅमेरा काढलास तर काचेवर वाफ धरेल, तो पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं राहू दे. जेलचे दाणे रंग बदलू लागले की मंद आचेवर कोरड्या कढईत परतून पुन्हा वापरता येतात. ती कढई मग स्वयंपाकाला घेऊ नकोस, आणि काकींना न विचारता त्यांची उचलू नकोस.